श्रीनागदेवाचार्य : शिष्यसंगोपनाचे एक चरित्र

शिकविणारा एक आणि शिकणारे अनेक, ही स्थिती सर्व काळी सर्वत्र सारखीच असते. मुंबईच्या पूर्व उपनगरांतील देवनार, गोवंडी या भागांतील एखाद्या शाळेचा वर्ग डोळ्यांपुढे आणावा. मुंबई महानगरपालिकेच्या शाळा आठ भाषामाध्यमांतून चालतात. यावरूनच त्या नगरीत किती प्रांतांची लेकरे एकत्र येतात हे ध्यानी येते. मराठी माध्यमाच्या एकाच बाकावर घाटावरचे, वऱ्हाडातले आणि कोकणातले मूल शेजारी शेजारी बसलेले असते. एकास ऐकताच पाठ होते, दुसऱ्यास लिहून घेतल्यावाचून उमगत नाही, तिसरे प्रश्न विचारून गुरुजींस भंडावून सोडते, चौथे खिडकीबाहेर पाहत असते आणि पाचवे शेजाऱ्याची खोडी काढीत असते. या पाचांना एकच पाठ द्यावयाचा असतो. खोडकर मुलास वर्गाबाहेर काढावे की त्याच्यासाठी थांबावे, हुशार मुलाच्या वेगाने चालावे की मागे राहिलेल्याचा हात धरावा, हा प्रश्न शिक्षकापुढे रोज उभा राहतो. त्याचे उत्तर चुकले तर एखाद्या मुलाचे उभे आयुष्य वाया जाते.

हाच प्रश्न सातशे वर्षांपूर्वी विदर्भातील रिद्धपूर येथे आणि पुढे गंगातीरी एका आचार्यांपुढे उभा होता. त्यांच्यासमोर बसलेली मंडळी मुले नव्हती, तरी ती एकमेकांपासून मुलांपेक्षाही अधिक भिन्न होती. षट्शास्त्रांचे पंडित होते, अक्षरशत्रू म्हाताऱ्या होत्या, गायक होते, कवी होते, घरदार सोडून आलेले तरुण होते. या सर्वांस एकाच धर्माची दीक्षा देऊन एका आचारात बांधणारे आचार्य म्हणजे श्रीनागदेवाचार्य, ज्यांस पंथ आदराने भटोबास म्हणतो. सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींच्या उत्तरापंथे प्रयाणानंतर पंथाचा भार ज्यांनी उचलला ते हे प्रथम आचार्य. त्यांचा जीवनकाल सामान्यतः इ. स. १२३६ ते १३०२ असा मानला जातो. त्यांच्या आठवणी स्मृतिस्थळ या ग्रंथात संग्रहित आहेत. हा ग्रंथ केवळ स्तुतीसाठी वाचला जातो. परंतु गुरूने शिष्यास कसे सांभाळावे याचे शास्त्र म्हणून तो वाचला, तर त्यातून निराळाच लाभ होतो.

पूर्ववय

भटोबासांचे पूर्ववय आदर्श म्हणून सांगण्यासारखे नव्हते, आणि आपल्या परंपरेने ही गोष्ट झाकून ठेवलेली नाही. तारुण्यात ते उनाड होते, संगतही बरी नव्हती. घरात धर्माचे वारे होते. मातोश्री आबाइसा आणि भगिनी उमाइसा या दोघीही पुढे स्वामींच्या परिवारात आल्या. चुलत बहीण महदाइसा, जिला पंथ महदंबा म्हणून ओळखतो, ती बालविधवा होती आणि तिची जिज्ञासा लहानपणापासूनच तीव्र होती. दादोस ऊर्फ रामदेव यांच्याकडे ही मंडळी प्रथम गेली आणि दादोसांच्या द्वारे त्यांस स्वामींचे सन्निधान प्राप्त झाले. घरातील स्त्रिया धर्माच्या वाटेवर पुढे गेल्या आणि कर्ता पुरुष मागे रेंगाळला, असे हे चित्र आहे. आजच्या शाळेत असा विद्यार्थी आला असता तर बहिणीचे उदाहरण त्याच्या तोंडावर फेकून त्यास लाजविण्याचा मोह कोणाही शिक्षकास झाला असता.

स्वामींनी तसे केले नाही. त्यांनी भटांची तुलना महदाइसेशी केली नाही आणि त्यांच्या पूर्ववयाचा हिशेबही मागितला नाही. भटांस ते लाडाने वानरेश म्हणत. या नावात शिष्याची थट्टा आहे, आणि त्याला जवळ घेणारी मायाही आहे. शिष्याचा स्वभाव गुरूने पाहिला आहे, ओळखला आहे आणि तो स्वभाव घेऊनच त्यास जवळ बसविले आहे, एवढी गोष्ट शिष्यास कळली की त्याची निम्मी भीती जाते. भटांचा घरसंसार एका दिवसात सुटला नाही. ते येत, काही काळ सन्निधानात राहत आणि पुन्हा परतत. या येण्याजाण्यास स्वामींनी दार बंद केले नाही. ज्या शिष्याच्या ठिकाणी पुढे पंथाचे आचार्यपद यावयाचे होते, त्याची वाट पाहण्यात गुरूचा असा काळ गेला.

हे चरित्र समजून घेण्याची पहिली किल्ली येथे आहे. जो स्वतः वाट चुकलेला विद्यार्थी होता आणि ज्याची कोणी तरी वाट पाहिली, तोच पुढे आचार्य झाला. शिष्यांच्या चुका पाहताना त्याच्या दृष्टीपुढे आपलेच पूर्ववय उभे राहत असले पाहिजे, हे उघड आहे.

सन्निधानातील शिक्षण

स्वामींची शिकवण्याची पद्धती भटांनी प्रत्यक्ष अनुभवली. स्वामींनी ग्रंथ लिहिला नाही. ते चालता चालता, भिक्षेहून परतल्यावर, एखाद्या देवळाच्या पटांगणात बसून, समोर जो असेल त्याला त्याच्या बोलीत निरूपण करीत. कोणी प्रश्न केला तर त्या प्रश्नाच्या अनुरोधाने, कोणी चुकला तर त्या चुकीच्या अनुरोधाने शब्द निघे. म्हणूनच सूत्राचा अर्थ लावताना ते कोणास, कोठे आणि कोणत्या प्रसंगी निरूपिले हे पाहण्याची प्रथा आपल्या भाष्यकारांनी ठेविली. प्रकरणवश पाहिल्यावाचून सूत्र उलगडत नाही, असा अनुभव प्रत्येक अभ्यासकास येतो. एकास धीर देण्यासाठी निघालेला शब्द दुसऱ्यावर आज्ञा म्हणून लादला तर अर्थाचा अनर्थ होतो. शिष्याची योग्यता पाहून निरूपण करणे हा स्वामींच्या शिक्षणाचा गाभा होता.

यासाठी त्यांनी दृष्टांताचा उपयोग विपुल केला. पुढे केसोबासांनी संकलित केलेल्या दृष्टांतपाठात ११४ दृष्टांत आहेत, आणि प्रत्येकाची मांडणी सूत्र, दृष्टांत आणि दार्ष्टांतिक अशी तिहेरी आहे. या मांडणीकडे शिक्षणाच्या दृष्टीने पाहावे. सूत्र थोडक्यात असते, ते मुखोद्गत करणाऱ्यासाठी सोयीचे. दृष्टांत ही एक छोटी गोष्ट असते. ज्यास डोळ्यांपुढे चित्र उभे राहिल्याखेरीज समजत नाही त्याच्यासाठी ती आहे. आणि गोष्ट ऐकूनही तिचे प्रयोजन विचारणारा जो चिकित्सक, त्याच्यासाठी दार्ष्टांतिक आहे. एकाच सिद्धांताची तीन दारे ठेवलेली आहेत. ज्याने त्याने आपल्या दाराने आत यावे. हत्तीचा दृष्टांत तर सर्वांच्याच परिचयाचा आहे. आंधळे हत्तीस चाचपतात. ज्याच्या हाती पाय येतो त्यास हत्ती खांबासारखा वाटतो, ज्याच्या हाती कान येतो त्यास तो सुपासारखा वाटतो. त्याचा सिद्धांतपक्ष ज्ञानाच्या एकदेशीपणाचा आहे. परंतु शिक्षकाने त्यातून आणखी एक गोष्ट घ्यावी. ज्याने कान धरला तो खोटे बोलत नाही. त्याच्या हाती जेवढे आले तेवढे तो सांगतो आहे. त्यास खोटे ठरविण्याऐवजी त्याचा हात धरून पुढे न्यावा लागतो, कारण संपूर्ण हत्ती पाहिलेला तेथे एकटा गुरूच असतो.

वियोग

शके ११९४ च्या अथवा ११९६ च्या सुमारास स्वामींनी उत्तरापंथे गमन केले. त्या वियोगाने भटोबास अक्षरशः कोसळले. शोकाने त्यांचे देहभान सुटले, अन्नपाण्याची शुद्ध राहिली नाही. अखेर परिवारातील मंडळींनी त्यांस सावरले आणि सर्वजण स्वामींच्या आज्ञेनुसार रिद्धपूरला श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेसाठी गेले. श्रीप्रभूंच्या सन्निधानात सुमारे चौदा वर्षे गेली. या काळात भट सेवक होते, आणि परिवार सांभाळण्याचे काम हळूहळू त्यांच्याकडे येत होते.

हा प्रसंग शिष्यसंगोपनाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. गुरू नाहीसा झाला म्हणजे शिष्यांपुढे दोन धोके असतात. एक, प्रत्येकाने आपापल्या आठवणीतला गुरू खरा मानून निराळा मार्ग धरावा. दुसरा, ज्याच्या हाती अधिकार येतो त्याने स्वतःच्या मताचा छाप सर्वांवर मारावा. भटोबासांनी दोन्ही टाळले. आपण नवे काही सांगत नाही, स्वामींनी निरूपिले तेवढेच सांगतो, ही त्यांची भूमिका अखेरपर्यंत राहिली. आचार्य असूनही ते स्वतःस शिष्यच मानीत राहिले. इ. स. १२८७ च्या सुमारास श्रीप्रभूंनीही देह ठेविला आणि मग भटोबासांवर पूर्ण भार आला.

म्हाइंभट आणि पंडितांची शिकवण

आचार्यांच्या परिवारातील सर्वांत कठीण विद्यार्थी म्हणजे पंडित. अडाण्याची पाटी कोरी असते; तिच्यावर लिहिता येते. पंडिताची पाटी आधीच भरलेली असते. सराळे येथील म्हाइंभट हे शास्त्रज्ञ विद्वान, विद्येचा त्यांस मोठा अभिमान. ते स्वामींकडे डोमेग्रामी वाद करण्याच्या हेतूने आले आणि त्यांचा अभिमान तेथे गळाला, हे लीळाचरित्राच्या वाचकांस ठाऊकच आहे. असा मनुष्य शरण आला तरी त्याची बुद्धी स्वस्थ बसत नाही. तिला काम द्यावे लागते. काम न दिले तर ती खंडनमंडनात शिरते.

रिद्धपुरी वाजेश्वरीच्या देवळात भटोबास स्वामींच्या लीळांचे स्मरण करीत बसत. म्हाइंभटांच्या मनात तेथेच विचार आला की ही स्मरणे लिहून ठेवली नाहीत तर पुढच्यांना मिळणार नाहीत. त्यांनी ते आचार्यांपुढे मांडले, आणि आचार्यांनी आपल्या स्मरणातील लीळा त्यांस सांगण्याचे मान्य केले. परिवारातील ज्याने ज्याने स्वामींस पाहिले, ऐकले, त्या प्रत्येकाकडे जाऊन म्हाइंभटांनी लीळा मिळविल्या, पडताळल्या आणि लिहिल्या. मराठीतील आद्य चरित्रग्रंथ लीळाचरित्र अशा रीतीने सिद्ध झाला. शके १२०० च्या आसपासचा तो काळ मानला जातो. गोविंदप्रभूंचे चरित्रही त्यांनीच लिहिले.

या घटनेचा एक अर्थ सहसा ध्यानात येत नाही. जो विद्वान वादात सर्वांस जिंकावयास निघाला होता, त्यास आता साध्या माणसांच्या, स्त्रियांच्या, अशिक्षितांच्या पुढे बसून त्यांच्या आठवणी नम्रपणे ऐकाव्या लागल्या. त्याची चिकित्सक बुद्धी मारली गेली नाही. पाठ तपासण्याच्या, मतभेद नोंदविण्याच्या कामी ती लागली. शिष्याच्या ठिकाणी जे बळ आहे तेच धर्माच्या सेवेत लावणे, हे या गुरूचे कौशल्य.

मराठीचा आग्रह

केसोबास आणि दामोदर पंडित हे दोघेही संस्कृतज्ञ. एके प्रसंगी त्यांनी आचार्यांस संस्कृतातून प्रश्न केला. आचार्यांनी त्यांस सांगितले की ही भाषा आपण जाणत नाही. आपणांस स्वामींनी मराठीत निरूपिले आहे, तेव्हा मराठीतच विचारावे. हे उत्तर नम्र होते आणि तितकेच ठामही होते. पंडितांचा अपमान झाला नाही, पण चर्चेची भाषा कोणती राहील हे त्या दिवशी ठरले.

याहून कठीण प्रसंग पुढचा. केसोबासांची रत्नमालास्तोत्र ही संस्कृत रचना प्रसिद्ध आहे. त्यांची लेखणी त्या भाषेत सहज चाले. निरूपणाचा विषयही संस्कृतात आणावा असे त्यांच्या मनात आले. त्या काळी विद्वानांच्या जगात ग्रंथास मान मिळावयाचा तर तो संस्कृतात असावा लागे, यात शंका नाही. याच सुमारास युरोपातील विद्यापीठांतही सर्व अध्यापन लॅटिनमधून चाले, आणि लोकभाषेची बाजू मांडणाऱ्या दांते या इटालियन कवीसही तो निबंध लॅटिनमध्येच लिहावा लागला. तेव्हा केसोबासांची इच्छा अस्वाभाविक नव्हती, आणि तिच्यामागे पंथाचा गौरव वाढावा हाच हेतू होता. तरीही आचार्यांनी त्यांस थांबविले. असे झाल्यास स्वामींचा सामान्य परिवार, ज्यात म्हाताऱ्या आहेत, भोळी माणसे आहेत, तो वंचित होईल, हे त्यांचे कारण.

या निर्णयात काय पणाला लागले होते याचा विचार करावा. केसोबास हे आचार्यांचे अत्यंत आवडते शिष्य. त्यांची संस्कृत लेखणी हे त्यांचे सर्वांत मोठे सामर्थ्य. एका बाजूस हा एक प्रतिभावान शिष्य आणि दुसऱ्या बाजूस ज्यांस आपली बाजू मांडता येत नाही अशा अनेक स्त्रीपुरुषांचा समुदाय. हुशार विद्यार्थ्यास पुढे जाऊ द्यावे आणि मागचे मागे राहिले तर राहू द्यावेत, हा मार्ग सोपा होता. तो त्यांनी पत्करला नाही. त्याच वेळी केसोबासांस रिक्तहस्तही ठेविले नाही. स्वामींची वचने लीळांतून निवडून सूत्रपाठ सिद्ध करणे, दृष्टांत एकत्र करून त्यांस दार्ष्टांतिक जोडणे, हे प्रचंड काम केसोबासांकडून घडले. शब्द जसाच्या तसा राखावयाचा, त्यात आपली अलंकारिकता मिसळू द्यावयाची नाही, हे काम पंडितास सर्वांत अवघड, आणि ते करावयास पंडितच हवा. मराठी गद्याचे आद्य वैभव म्हणून आज जे ओळखले जाते, त्याच्या मुळाशी शिक्षकाने घेतलेला हा एक निर्णय आहे. रिद्धपूर येथे महाराष्ट्र शासनाचे मराठी भाषा विद्यापीठ २०२४ मध्ये सुरू झाले. त्या स्थळाची निवड ज्या वारशामुळे झाली त्यात भटोबासांचा हा निर्णय समाविष्ट आहे.

महदंबा आणि हिराइसा

पंडितांच्या उलट टोकास महदंबा होती. तिचा स्वभाव प्रश्न विचारण्याचा. स्वामींपुढेही ती एका प्रश्नातून दुसरा प्रश्न काढी, आणि स्वामींनी तिच्या या जिज्ञासेचे कौतुकच केले होते. स्वामी तिला म्हातारी म्हणत. असा विद्यार्थी वर्गात असला की शिक्षकास तो अडथळा वाटतो, कारण पाठ ठरल्याप्रमाणे पुढे सरकत नाही. परंतु महदंबेने विचारले म्हणूनच कितीतरी विषयांचे निरूपण झाले आणि ते आज आपल्यापर्यंत पोहोचले. रिद्धपुरी श्रीप्रभूंच्या विवाहसोहळ्याच्या प्रसंगी तिने रुक्मिणीविवाहाचे धवळे गाइले. लग्नगीताच्या लोकपरिचित चालीत ज्ञानविषय गुंफणारी ही मराठीची आद्य कवयित्री. भटोबास तिचे धाकटे आप्त, तिचा अधिकार जाणणारे. आचार्यपद आल्यावरही त्यांनी तिच्या प्रश्नांस आपल्या पदाचा अवमान मानला नाही. ती गेली तेव्हा धर्माची आणि मार्गाची राखण करणारी, आपली पाठराखण करणारी गेली, असा शोक त्यांनी केला. प्रश्न विचारणाऱ्या शिष्येस गुरूने रक्षक म्हणावे, यात सर्व काही आले.

हिराइसेची वाट आणखी निराळी. ती दामोदर पंडितांची पत्नी. पती गानविद्येत निपुण, वच्छाहरणासारख्या काव्याचे कर्ते. तथापि धर्माचा बोध प्रथम पत्नीस झाला आणि पती मागून आला. तिची धारणाशक्ती विलक्षण होती. जे ऐकले ते तिच्या ठिकाणी कोरल्यासारखे राही. म्हाइंभटांनी लिहून शिकले, महदंबेने विचारून शिकले, हिराइसेने ऐकून शिकले. आचार्यांनी एकीस दुसऱ्याची पद्धत लावली नाही. याचे फळ पुढे दिसले. देवगिरीवर इ. स. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजीची आणि १३०७ मध्ये मलिक काफूरची स्वारी झाली. त्या धामधुमीच्या काळात लीळाचरित्राची मूळ पोथी हरपली असे परंपरा सांगते. तेव्हा शिष्यांनी स्मरणातून पाठ पुन्हा उभे केले, आणि त्यांत हिराइसेच्या नावाने ओळखला जाणारा पाठ आहे. लेखणीने राखलेले गेले आणि कानाने राखलेले उरले. ज्या विद्यार्थ्यास लिहिण्यापेक्षा ऐकणे साधते त्यास मठ्ठ ठरविणाऱ्या शिक्षकाने ही घटना मनाशी धरावी.

आचार सर्वांस एक

येथवरच्या विवेचनावरून असे वाटण्याचा संभव आहे की भटोबास प्रत्येकाच्या कलाने चालत आणि कोणास काही बोलत नसत. तसे मुळीच नव्हते. बोधाची वाट त्यांनी शिष्यागणिक भिन्न ठेविली; आचाराचा नियम मात्र सर्वांस एकच ठेविला. अहिंसा, भिक्षा, अटन, विजन आणि नामस्मरण यांत पंडित आणि अपंडित असा भेद नव्हता. चारही वर्णांच्या घरी जाऊन भिक्षा मागावयाची, मिळेल ते रुचीअरुची न पाहता सेवावयाचे, गावाच्या कडेला झाडातळी अथवा देवळात राहावयाचे, एका ठिकाणी मन गुंतू द्यावयाचे नाही. शास्त्राचा ग्रंथ मुखोद्गत करणाऱ्या ब्राह्मणास परक्याच्या दारी झोळी पसरणे हे कोणत्याही ग्रंथाहून कठीण वाटले असणार. तेथे विद्येची सवलत नव्हती.

हा नियम जाचक वाटतो, पण त्यात दुर्बळांचे संरक्षण आहे. ज्या वर्गात हुशार विद्यार्थ्यास वर्तनाची सूट मिळते, तेथे मंद विद्यार्थी आपोआप अपराधी ठरतो. सर्वांस नियम एक असला की मंदासही वाटते, निदान या एका बाबतीत आपण इतरांच्या बरोबरीचे आहोत. भटोबासांच्या परिवारात निरक्षर म्हातारी आणि षट्शास्त्री पंडित एका पंक्तीस बसू शकले ते यामुळे.

शिष्यांस सतत डोळ्यांपुढे ठेवण्याचा हट्टही आचार्यांनी धरला नाही. अटनविजन करावे, एकांतात स्मरण करावे, आणि मग सन्निधानात परतून काय साधले, काय चुकले ते निवेदन करावे, असा क्रम होता. शिक्षण म्हणजे केवळ गुरूपुढे बसणे नव्हे. गुरू समोर नसता काय घडते त्यावरच शिक्षणाची परीक्षा होते. जो शिक्षक आपल्या उपस्थितीपुरती शांतता मिळवितो, त्याची शिस्त तो दाराबाहेर पडताच संपते. स्वामी दृष्टीआड झाल्यावरही स्वामींच्या शब्दांत राहणे कसे असते, हे भटोबासांनी स्वतः दुःख भोगून शिकले होते. तोच धडा ते शिष्यांस देत होते.

उत्तरकाळ

श्रीप्रभूंच्या नंतर आचार्य परिवारासह गंगातीराकडे आले. निंबा हे स्थान त्यांच्या उत्तरायुष्याशी जोडलेले आहे. वृद्धत्वातही त्यांच्याकडे येणाऱ्यांचा ओघ थांबला नाही. नरेंद्र कवींचे रुक्मिणीस्वयंवर याच काळातले. राजा रामदेवराव यादवाने धन देऊन ते काव्य आपल्या नावे मागितले, कवीने ते नाकारले आणि अखेर ते या परिवारात आले, अशी परंपरा आहे. बोरीचे भास्करभट्ट, म्हणजेच कवीश्वरबास, हेही भटोबासांच्याच शिष्यपरिवारातले. आचार्यांनंतर बाइदेवबास आणि त्यांच्यामागून कवीश्वरबास यांच्याकडे परिवाराचे आचार्यपद आले.

कवीश्वरबासांचाच एक प्रसंग आचार्यांच्या शिक्षणाची साक्ष देतो. त्यांनी शके १२३४ मध्ये शिशुपालवध हे काव्य रचिले आणि आपल्या गुरुबंधूंस दाखविले. काव्य उत्तम आहे, परंतु शृंगाराने भरलेले असल्याने निवृत्तांच्या उपयोगाचे नाही, असा निःसंकोच अभिप्राय मिळाला. कवीने तो मनास लावून घेतला नाही. श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधावर उद्धवगीता रचिली. आचार्य तेव्हा दृष्टीसमोर नव्हते. तरी एका गुरुबंधूने स्पष्ट बोलावे आणि दुसऱ्याने ते मानावे, ही शिस्त टिकून राहिली. शिक्षक निघून गेल्यावर विद्यार्थी एकमेकांचे शिक्षक होतात, तेव्हाच त्याचे काम पूर्ण झाले असे म्हणता येते.

चरित्राचा बोध

भटोबासांच्या नावावर मोठा ग्रंथ नाही. त्यांचे ग्रंथ म्हणजे त्यांचे शिष्य. लीळाचरित्र, सूत्रपाठ, दृष्टांतपाठ, धवळे, वच्छाहरण, शिशुपालवध, उद्धवगीता ही नावे एका ओळीत लिहिली तर ध्यानात येते की त्यांपैकी कोणतेही दोन ग्रंथ एका घडणीचे नाहीत. एक चरित्र आहे, एक सूत्रसंग्रह आहे, एक गोष्टींचा पाठ आहे, एक लग्नगीत आहे, बाकीची काव्ये आहेत. शिक्षकाने सर्वांस एकाच साच्यात घातले असते तर हा विविध फळभार दिसला नसता. आणि सर्वांस मोकाट सोडले असते तर या सर्व ग्रंथांत एकच धर्म दिसला नसता.

देवनारच्या त्या वर्गातील शिक्षकाने सायंकाळी शाळा सुटल्यावर या चरित्राचे स्मरण करावे. खिडकीबाहेर पाहणाऱ्या मुलास कदाचित दृष्टांत हवा असेल. प्रश्न विचारून भंडावणारी मुलगी उद्याची महदंबा असेल. वहीत काही न लिहिणारे मूल हिराइसेसारखे कानाने राखीत असेल. भराभर उत्तरे देणाऱ्या हुशार मुलाकडे मागे राहिलेल्यांस समजावण्याचे काम द्यावे, म्हणजे त्याची विद्याही नम्र होईल. घरी जी बोली बोलली जाते त्या बोलीत एखादा शब्द सांगावा, म्हणजे ज्याचे तोंड उघडत नाही त्याचेही उघडेल. वर्गाचा नियम मात्र सर्वांस एकच ठेवावा. आणि जे मूल खोडी काढीत असते, त्याच्याविषयी निर्णय करण्यापूर्वी एवढेच आठवावे की पंथाचे पहिले आचार्य हे एके काळी असेच एक उनाड तरुण होते, आणि त्यांच्या गुरूने त्यांस जवळ बसविले होते.

श्रीनागदेवाचार्यांच्या चरणी दंडवत प्रणाम.